ट्रंकेतली ‘निरुपयोगी कापडं’: बडोद्यातल्या आपल्या संस्थेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचनालयात पुस्तक बदलायला आले, तेव्हा नोटीस बोर्डावर आपलं परिपत्रक वाचलं. वधूवर मेळाव्याची जाहिरात आणि योगवर्गाची वेळ यांच्या मधे चारच ओळी. ‘पुरात भिजून निरुपयोगी झालेल्या जुन्या कापडांची महिनाअखेर विल्हेवाट लावून खोली रिकामी करण्यात येईल. बऱ्या अवस्थेतली निवडक वस्त्रं ड्रायक्लीन करून नव्या काचेच्या कपाटात मांडण्यात येतील.’ खाली सही आणि शिक्का.

पुस्तक न बदलताच घरी गेले. आधी वाटलं, कार्यवाहांना फोन करावा. मग आठवलं, फोन तीनदा करून झालाय, लेखी अर्जही दोन दिलेत. दर वेळी उत्तर एकच: ‘ताई, बघतो, मीटिंगमध्ये विषय घेतो.’ विषय मीटिंगमध्ये आला, हे आता परिपत्रकावरून कळलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. ती कापडं दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांतून आलेली आहेत, आणि त्या घरांतल्या लोकांना ती कुठे चाललीत हे कळायला हवं.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. तिथल्या ट्रंकांत माझ्या आजीची डाळिंबी पैठणी आहे, तिची काळी धाबळी आहे, आजोबांची पगडी आणि लाल-हिरव्या वेलबुट्टीची काश्मिरी शाल आहे. आईच्या माघारी मीच त्या आणून दिल्या. पावती अजून माझ्या कपाटात आहे, ‘संस्था या वस्तूंचे यथायोग्य जतन करील’ असं तीवर छापलंय. दुसरं म्हणजे, मी तीस वर्षं कॉलेजात मुलींना वस्त्रशास्त्र शिकवलं. धागा हातात घेतला की तो कुणाच्या अंगावर वाढला हे सांगता यावं, एवढं त्या नोकरीने दिलंय. तेव्हा पुढे जे लिहितेय त्यात भावना आहेतच, पण नुसत्या भावना नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने काय केलं हे बडोदेकरांना सांगायची गरज नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी मगर दिसल्याचा व्हिडिओ मला पुण्यात लेकीकडे बसून बघावा लागला. संस्थेच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. खोलीत तीन ट्रंका. दोन जमिनीवर, एक बाकावर. जमिनीवरच्या दोन बुडाल्या. पूर हा कुणाचा दोष नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार पाणी उतरल्यानंतरची आहे.

पाणी उतरलं, गणपती आले, गौरी आल्या, आरत्या झाल्या. सतरंज्या गच्चीत वाळत घातल्या, खुर्च्या पुसल्या, हार्मोनियम दुरुस्तीला गेली. ट्रंका मात्र कुलूपबंद राहिल्या. कुणी तरी म्हणालं म्हणे, ‘आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आहे सगळं, काही होत नाही.’ ट्रंका उघडल्या त्या दिवाळीच्या साफसफाईत.

भिजलेल्या कापडावर बुरशी यायला अठ्ठेचाळीस तास पुरतात. भाद्रपदातल्या बडोद्यात त्याहूनही कमी. आपण तिला दोन महिने दिले, शिवाय वर पिशवी बांधून ओल आत कोंडून ठेवली. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं फावतं, आणि त्या पिशव्यांत ती शंभराच्या आसपास असणार. ही पहिली तक्रार. पुढच्या बहुतेक सगळ्या हिच्यातूनच उगवल्यात.

जानेवारीत मला अर्धा तास ती खोली बघू दिली. शिपाई दारात उभा, मी ट्रंकेपुढे मांडी घालून. आजीची पैठणी सगळ्यात खाली होती. पिशवी सोडली तेव्हा आधी वास आला, मग रंग. डाळिंबी रंग पदराच्या जरीत उतरून जर काळपट गुलाबी झालेली. घडी उलगडायला हात घातला आणि थांबले, कारण घडीच्या रेषेवरच कापड फाटलेलं होतं. फाटलं म्हणणंही चूक आहे. उभे धागे जागच्या जागी तुटले होते, आडव्या जरीने ते कसेबसे धरून ठेवले होते. एका कोपऱ्यावर ट्रंकेच्या गंजाचा तांबूस डाग, आणि त्या डागापुरतं रेशीम बोट लावताच भुगा होऊन खाली पडलं. लोखंड रेशमाला असंच पोखरतं. जुन्या काळ्या रंगाच्या वस्त्रांत हे तुम्ही पाहिलं असेल: हिरडा आणि हिराकस घालून काळं रंगवलेलं कापड बाकीच्या रंगांच्या कितीतरी आधी विरतं, नक्षीतला काळा भाग तेवढा गळून पडतो आणि लाल-पिवळा शाबूत राहतो. हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ.

ही पैठणी आजी वर्षातून दोनदा नेसायची, पण दसऱ्याच्या सुमाराला एकदा उघडायची मात्र न चुकता. माजघरातल्या दोरीवर, सावलीत. उन्हाचं नावही काढू द्यायची नाही. संध्याकाळी पुन्हा घडी घालायची, ती आधीच्या रेषेवर नाही, चार बोटं सरकवून. घडीत आजोबांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि बाजूला वेखंडाची पुरचुंडी. वेखंडाने कसर मरते असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वर्षाला एकदा वस्त्र उजेडात येतं, झटकलं जातं, घडी बदलते, हेच खरं औषध होतं. तिला फायब्रोइन, म्हणजे रेशमाचं प्रथिन, हा शब्द ठाऊक नव्हता. घडीच्या एकाच रेषेवर वर्षानुवर्षं ताण पडला की रेशीम तिथेच तुटतं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

आता थोडं शास्त्र सांगते. परिपत्रकात ‘कापडं’ असा एकच शब्द सगळ्यांना लावलाय, गफलत तिथूनच सुरू झालीय.

सुती धोतर आणि रेशमी पैठणी यांच्यात चिंच आणि मासळी यांच्याइतका फरक आहे. कापूस हे झाडाचं अंग, सेल्युलोजचं. रेशीम आणि लोकर ही जनावराची अंगं, प्रथिनांची. लोकर केराटिनची, म्हणजे आपल्या केसांची आणि नखांची जात. रेशमाचा किडा तोंडातून दोन धागे एकदम काढतो, ते फायब्रोइनचे. त्यांना चिकटवणारा डिंक सेरिसिनचा. कच्च्या रेशमाच्या वजनात वीस ते पंचवीस टक्के हा डिंकच असतो, तो साबणाच्या पाण्यात उकळून काढला की मग रेशमाला झळाळी येते. एका कोशातून साधारण किलोमीटरभर अखंड धागा निघतो. अशा हजारो कोशांचं एक नऊवारी लुगडं.

आपल्या जुन्या घरांना हा भेद न शिकता कळत होता. सोवळ्यात एरवीचं सुती चालत नसे. मुकटा, कद रेशमी, नाहीतर धाबळी लोकरीची. सोवळ्याओवळ्याचं मी समर्थन करत नाही, त्याने बायकांचे किती हाल केले हे मी घरात पाहिलंय. पण आजी धाबळी नेसून चुलीपुढे बसायची, ठिणग्या उडायच्या आणि धाबळीवर बारीक काळा ठिपका पाडून विझून जायच्या. लोकर सहजी पेटत नाही, आक्रसते आणि जाळ दूर झाला की विझते. सुती लुगड्याने पेट घेतला असता. तीच धाबळी आता तुमच्या दुसऱ्या ट्रंकेत आहे, आणि आगीतून वाचलेली ती पाण्याने गेलीय.

दुसरी तक्रार धुण्याची. दिवाळीत ट्रंका उघडल्यावर कुणी तरी उत्साहाने चार-पाच वस्त्रं कोमट पाण्यात वॉशिंग पावडर घालून भिजवली, घासली, पिळली आणि गच्चीत उन्हात टाकली. हेतू चांगला असणार, मी त्या व्यक्तीचं नाव विचारलंही नाही. पण आजोबांच्या शालीचं काय झालं ते बघायला या. या आणि हातात घेऊन बघा. दोन माणसांच्या अंगाभोवती फिरेल एवढी शाल आता टेबलावरच्या रुमालाएवढी उरलीय, जाड, घट्ट, कडक. शालीचा बुरणूस झालाय, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा जाड थर. लोकरीच्या केसावर माशासारखे खवले असतात, सगळे एका दिशेने. गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि मागे सरकू शकत नाहीत. बुरणूस मुद्दाम असाच बनवतात. एकदा झाला की पुन्हा शाल होत नाही, जगातला कुठलाही रफूगार ती परत उलगडू शकत नाही.

पावडरचं आणखी एक. आम्ही वर्गात लोकरीचा तुकडा कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात उकळायचो. काही मिनिटांत परीक्षानळीत तुकडाच नसायचा, नुसतं पिवळट पाणी. शेजारच्या नळीत सुती तुकडा जसाच्या तसा. मुली दर वर्षी तेवढ्याच दचकायच्या. कपड्याची पावडर अर्थात कॉस्टिकइतकी उग्र नसते, पण क्षारधर्मी असते, आणि हल्लीच्या बऱ्याच पावडरींत रक्ताचे, अंड्याचे डाग पचवणारी एन्झाइम्स घातलेली असतात. रक्त, अंडं ही प्रथिनं. रेशीम आणि लोकरही प्रथिनंच. डाग कुठे संपला आणि शाल कुठे सुरू झाली, हे त्या एन्झाइमला कसं कळावं? ब्लीच वापरलं असेल तर मग बोलायलाच नको, क्लोरिन या दोघांनाही खातो.

शिवाय पिळलं. कापूस ओला झाला की बळकट होतो, म्हणून धोबी तो दगडावर आपटू शकतो. रेशीम आणि लोकर ओली झाली की दुबळी होते. पाण्याने जड झालेली नऊवारी दोन टोकांना धरून उचलली की ती स्वतःच्याच वजनाने फाटते. जाळीवर आडवी घेऊन उचलायची असते.

तिसरी तक्रार बाकावरच्या ट्रंकेची. तिला पाणी लागलंच नाही, तरी आत शंभर तरी भोकं आहेत. त्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा थर होता, इतका की झाकण उघडल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या गोळ्यांच्या शेजारी कसर मजेत होती. एका पश्मिना शालीच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढं नळकांडं चिकटलेलं दिसलं. अर्धं लाल, अर्धं हिरवं. चष्मा पुढे ओढून पाहिलं, तर ते हळूच सरकलं. ही अळी ज्या कापडावर जगते त्याचेच धागे कातरून स्वतःभोवती घर विणते, म्हणून घराचा रंग शालीचा. लाल फूल खाल्लं तेव्हाचं घर लाल, पानावर आली तेव्हाचं हिरवं. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, क्षणभर कौतुकच वाटलं.

उडणारा पतंग काही खात नाही, तो मारून उपयोग नाही. खाते ती अळी. केराटिनमध्ये गंधकाचे पूल असतात, डायसल्फाइड बंध, ते तोडणं बहुतेक जीवांना जमत नाही. या अळीच्या पोटाला ते जमतं. तिला अंधार, शांतता, आणि घामाचे, तुपाचे डाग असले तर आणखी आवडतं. म्हणजे आपली ट्रंक. डांबराच्या गोळीची वाफ हवाबंद जागेत पुरेशी साठली तरच परिणाम करते, आपल्या ट्रंकेच्या झाकणाला दोन बोटांची फट आहे. माणसाच्या फुप्फुसांत मात्र ती नीट पोचते, शिपायाला विचारा.

इथे जरा विषयांतर करते. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि तिथे रंगाई, छपाई, रसायन हे विषय शिकवायची सोय केली, त्याच शहरात आपण हे करतोय. कलाभवनाचे त्रिभुवनदास गज्जर हे रंगांचे नि रसायनांचे पंडित. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासलं, तेव्हा ते डाग काढून देणारे हेच गज्जर. त्यांच्या बडोद्यात आपली सगळी भिस्त डांबराच्या गोळ्यांवर!

चौथी तक्रार लहान आहे. जरीच्या पगड्या, शेले आणि लोकरीच्या शाली एकाच ट्रंकेत कोंबल्यात. लोकरीतून, विशेषतः दमट हवेत, गंधकाचे वायू थोडेथोडे सुटत राहतात आणि चांदी काळी पडते. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. ती काळी पडल्यावर कुणी तरी आजोबांच्या पगडीला चिंच चोळलीय. काळं गेलं. सोनंही गेलं.

पाचवी तक्रार नव्या काचेच्या कपाटाची. त्याची जागा मी पाहिली, पश्चिमेच्या खिडकीसमोर, वर सहा झगझगीत दिवे. वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको, असा संग्रहालयांचा साधारण दंडक आहे. संध्याकाळचं ऊन त्याच्या कैक पट. नैसर्गिक धाग्यांत उजेडाला सगळ्यात हळवं रेशीमच. आधी पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, आणि हे नुकसान साठत जातं. दिवा विझवला म्हणून कालचं भरून येत नाही. वार्षिकोत्सवात तीन दिवस दाखवा, मंद उजेडात, मी स्वतः समजावून सांगायला उभी राहीन. बारा महिने मांडून ठेवणं म्हणजे सावकाश जाळणं.

आणि त्या कपाटात सध्या काय आहे? एक झळझळीत निळी साडी, खाली पाटी: ‘पारंपरिक रेशमी पैठणी’. तिच्या पदराची सुटलेली दशी मी, हो, चोरली. घरी जाऊन मेणबत्तीवर धरली. रेशीम असतं तर आक्रसलं असतं, जळक्या केसांचा वास आला असता, राख चिमटीत चुरली असती. ही वितळली, टपकली आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर आहे. पॉलिस्टरच्या साडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही नेसते, धुवायला बरी पडते. पण आजीच्या पैठणीला ‘निरुपयोगी’ म्हणायचं आणि हिला ‘पारंपरिक रेशमी’, हे मला गिळवत नाही. तेवढी पाटी बदला.

आता ‘विल्हेवाट’ या शब्दाकडे येते. सगळं वाचेल असं माझं म्हणणं नाही. मी या विषयात पंचाहत्तरीपर्यंत पोचलेय, मेलेलं कापड ओळखते. पुराच्या दोन ट्रंकांतला बराच भाग गेलाय. माझी पैठणीही बहुधा गेलीच, पदर सोडून. पण गेलेलं कोणतं आणि आजारी कोणतं, हे निवडायला एक दिवस बसावं लागतं, आणि तो दिवस वर्षभरात कुणी दिलेला नाही. सगळं एका टेम्पोत भरून पाठवणं ही निवड नव्हे.

टेम्पो भरायच्या आधी आणखी एक. नोंदवहीत एका शालीपुढे कुणी तरी ‘शहातूस’ लिहिलंय. ती खरोखर शहातूस आहे की उत्तम पश्मिना, हे सूक्ष्मदर्शकाखाली केस ठेवल्याशिवाय मी सांगणार नाही. पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या शेळीची; वसंतात तिची लव फणीने विंचरून काढतात आणि शेळी चरायला जाते. शहातूस तिबेटी चिरूची, आणि त्यासाठी चिरू मारावाच लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विल्हेवाटीत ती भंगारवाल्याला विकली गेली, तर उत्तर विश्वस्तांना द्यावं लागेल, टेम्पोवाल्याला नव्हे.

जे खरोखर गेलंय त्याचंही काही तरी नीट करता येतं. जाळू नका. लोकर जळता जळत नाही, नुसती धुमसते आणि गल्लीभर केस जळल्याचा वास सुटतो. कचऱ्याच्या ढिगात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनही टाकू नका. जर काढून घ्या, ती चांदी आहे, तिची नोंद करा. उरलेली लोकर आणि रेशीम मातीचं आहे. ओल्या, जित्या मातीत केराटिन पचवणारे जीवाणू आणि बुरशा असतात. लोकर काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात विरून जाते. तिच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, तो झाडाला मिळतो. म्हणजे जी बुरशी ट्रंकेत आपली वैरीण, तीच अंगणात आपलं काम करते. संस्थेच्या मागच्या अंगणात पारिजातक आहे. धाबळी वाचणार नसेल तर त्याच्या मुळाशी पुरायला मी स्वतः खड्डा खणीन. निळी साडी तिथे पुरली तर माझ्या पणतीलाही ती जशीच्या तशी सापडेल.

आता मागण्या. आवाज न चढवता आणि कुणाच्या हेतूवर संशय न घेता सांगते.

महिनाअखेरची विल्हेवाट थांबवा. तसं दुसरं परिपत्रक त्याच नोटीस बोर्डावर लावा.

एकही वस्त्र ड्रायक्लीनरकडे, धोब्याकडे किंवा कुणा उत्साही सभासदाकडे जाऊ नये. कुजू लागलेलं रेशीम ड्रायक्लीनच्या यंत्रात गरागरा फिरवलं की परत काय येईल ते वर लिहिलंच आहे.

नोंदवही उघडी करा. कोणत्या घरातून काय आलं, आज त्याची अवस्था काय. ज्यांची वस्त्रं गेली त्यांना पत्राने कळवा, उरलं असेल ते परत हवंय का विचारा. काही घरं आता अमेरिकेत आहेत, तरी विचारा.

आपल्याच शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे. देशभरातून मुलं तिथे संग्रह कसा सांभाळायचा ते शिकायला येतात. आपल्याला रिक्षाचं भाडं पडेल. त्यांना बोलवा, सल्ला घ्या आणि तो लेखी घ्या.

तोवर जे करायचं त्याला फार पैसे लागत नाहीत. ट्रंका वरच्या मजल्यावर न्या, आणि जमिनीवर काहीही ठेवू नका. विश्वामित्री पुन्हा येणार आहे. ट्रंकांपेक्षा लाकडी फळ्या घ्या, पण उघडं लाकूड वस्त्राला लागू देऊ नका. मांजरपाट आणा, दोनदा कडक धुऊन त्याची खळ काढा, कारण खळ किड्यांना आवडते. त्याच कारणासाठी चिंचोक्याच्या खळीतली ती घोंगडी वेगळी ठेवा. लुगडी घडीत नको, मांजरपाटाने मढवलेल्या रुंद नळ्यांवर सैल गुंडाळा. घडी घालावीच लागली तर पोटात कापडाची वळकटी भरा. जर एका बाजूला, लोकर दुसऱ्या बाजूला. बुरशी ओली असताना झटकू नका, पसरते; पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने, तोंडाला मास्क बांधून. लोकर वरून कोरडी लागली म्हणून सुकली समजू नका. ती आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पोटात ठेवते आणि हाताला पत्ता लागू देत नाही.

कसर लागलेल्या शालींसाठी डीप फ्रीझर. नीट सुकवलेली शाल पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाला दोन आठवडे ठेवली की अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर गार कापडावर दव धरतं. माझ्या भाच्याचं आइस्क्रीमचं दुकान आहे, एक फ्रीझर तो हिवाळ्यात रिकामा करून द्यायला तयार आहे. तेही मी अर्जात लिहिलं होतं.

आणि दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस ठरवा. सगळं बाहेर काढायचं, सावलीत, घडी बदलायची, परत ठेवायचं. दहा बायका लागतील. आठ नावं माझ्याकडे आत्ताच आहेत, दोन तर गुजराती शेजारणी आहेत. एकीच्या घरी पाटणचं पटोळं आहे, तिला हे सगळं माझ्याआधी कळतं.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी संस्थेत येतेय. बरोबर धुतलेला मांजरपाट वीस मीटर, मऊ ब्रश, मास्क, वही आणि डबा. संध्याकाळपर्यंत बसेन. खोलीची किल्ली शिपायाकडे ठेवायला सांगा, एवढंच. मागच्या वेळी ती कार्यवाहांच्या खिशात सुरतेला गेली होती.

आपली,
एक आजीव सभासद,
दांडिया बाजार, बडोदे